ग्रंथाची स्मृती, वाचकाचे विस्मरण

एखाद्या प्रदेशातील सार्वजनिक ग्रंथालये संगणकाने परस्परांशी जोडण्याचा आराखडा तयार होतो तेव्हा त्यात यंत्रसामग्री, आज्ञावली, इंटरनेटची जोडणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि या सर्वांचा खर्च यांचा विचार असतो, आणि तो असणे रास्तही आहे. परंतु अशा आराखड्याच्या तळाशी एक प्रश्न असतो, ज्याचे उत्तर कोणत्याही निविदेत सापडत नाही आणि जो भारतीय धर्मचिंतनाला फार पूर्वीपासून परिचित आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याला किती ओळखावे, आणि देणे पुरे झाल्यावर त्याच्याविषयी किती लक्षात ठेवावे, हा तो प्रश्न होय. धर्मशास्त्रकारांनी दानाच्या प्रकरणात तो बारकाईने हाताळला आहे. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र तो निव्वळ तांत्रिक तपशील समजला जातो आणि आज्ञावली पुरवणाऱ्याच्या सोयीवर सोडून दिला जातो. महाराष्ट्रातील ग्रंथालयांच्या संदर्भात तो तपासून पाहिला असता या सोडून देण्याची किंमत ध्यानात येते.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची घडण इतर प्रांतांहून काहीशी निराळी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. म्हणजे ग्रंथालयांविषयीचा कायदा होण्यापूर्वी शतकाहून अधिक काळ गावोगावच्या मंडळींनी वर्गणी व देणग्या यांच्या बळावर या संस्था उभ्या केल्या होत्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला, तेव्हा शासनाने नवी ग्रंथालये स्वतः काढून चालवण्याऐवजी संस्थांच्या ग्रंथालयांना मान्यता द्यावी, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करावी आणि त्या वर्गानुसार अनुदान द्यावे, हा मार्ग पत्करला. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवण्याची जी तरतूद केली, ती येथे स्वीकारली गेली नाही. परिणामी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये एका संचालनालयाच्या छायेत असली तरी प्रत्येकाचे कार्यकारी मंडळ वेगळे, प्रत्येकाची नोंदवही वेगळी आणि प्रत्येकाचा सभासद हा त्या गावापुरता सभासद, अशी स्थिती राहिली. या विखुरलेपणाची एरवी तक्रारच केली जाते, आणि ग्रंथांच्या बाबतीत ती योग्यही आहे. वाचकांच्या बाबतीत मात्र या विखुरण्यातून एक संरक्षण आपोआप मिळत होते, आणि ते नाहीसे होऊ लागल्यावरच त्याची जाणीव होते.

मीमांसक आणि निबंधकार यांनी दानाची जी व्याख्या केली तिचे दोन अंश आहेत: दिलेल्या वस्तूवरील स्वतःचे स्वामित्व संपवणे आणि तिच्यावर दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड निबंधग्रंथ रचला, आणि त्याच्या दानखंडात गाय, भूमी, सुवर्ण यांच्या दानांबरोबर विद्यादानाचाही विचार आहे. त्यात पोथी लिहवून घेऊन ती विधिपूर्वक अर्पण करणे हा विद्यादानाचा एक प्रकार म्हणून येतो. परंतु विद्या देणाऱ्यापाशी ती उरतेच, म्हणजे व्याख्येतील पहिला अंश, स्वामित्वाची निवृत्ती, तेथे लागू पडत नाही. ग्रंथालयाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. तेथे वाचकाला मिळालेले पुस्तक परत करायचे असते आणि त्यातून मिळालेले ज्ञान परत करता येत नाही. पुस्तकापुरता हा व्यवहार याज्ञवल्क्यस्मृतीने निक्षेपाच्या, म्हणजे ठेवीच्या, नियमांत समाविष्ट केलेल्या ‘याचित’ या प्रकारात मोडतो: लग्नकार्यासाठी मागून आणलेला दागिना जसा काम झाल्यावर जसाच्या तसा परत करायचा, तसेच येथे. ज्ञानापुरता मात्र तोच व्यवहार दान ठरतो. एकाच क्षणी, एकाच टेबलावर हे दोन निराळे संबंध घडतात, आणि नोंदीविषयीचा बहुतेक घोटाळा या दोहोंची गल्लत झाल्याने होतो. याचित वस्तूची नोंद वस्तू परत येईपर्यंत हवी, कारण वस्तू परत यायची आहे. दानाची नोंद मात्र, निदान घेणाऱ्याच्या नावानिशी, कशासाठी हवी, याचे उत्तर दान देणाऱ्यानेच द्यायला हवे.

यावर परंपरेतूनच एक आक्षेप उभा राहतो. दानाच्या शास्त्रात पात्राचा, म्हणजे दान स्वीकारणाऱ्याच्या योग्यतेचा, विचार मध्यवर्ती आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश आणि काळ यांच्या जोडीने पात्र येते. मग घेणाऱ्याला ओळखल्याखेरीज देणे हे अविचारी देणेच नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर अन्नदानात आहे. अन्न देताना भुकेल्याची जात, शील वा विद्या विचारायची नाही, भूक हीच त्याची पात्रता, असे परंपरेने मानले, आणि अन्नछत्रांची प्रथा याच समजुतीवर चालत आली. विद्येच्या बाबतीत मात्र नेमकी उलट स्थिती होती. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे सांगण्याचा वेदान्ताचा जो प्रघात, त्यात अधिकाऱ्याला, म्हणजे तो ग्रंथ शिकण्यास पात्र असणाऱ्याला, पहिले स्थान आहे. आणि ब्रह्मसूत्रांच्या ज्या अधिकरणाला अपशूद्राधिकरण म्हणतात, तेथे भाष्यकारांनी शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे ज्या वस्तूची वाटणी सर्वांत कठोर पात्रपरीक्षेने होत असे, ती वस्तू विद्या होती. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणून या व्यवस्थेला एक मोठे भगदाड पाडले, तरी पोथी कोणाच्या घरी असावी आणि ती कोणी हाताळावी, हा प्रश्न त्यानंतरही कित्येक शतके सुटला नाही.

सार्वजनिक ग्रंथालयाचे धर्मदृष्ट्या नवेपण येथे आहे. त्याने विद्या पात्रपरीक्षेच्या पंक्तीतून उचलून अन्नदानाच्या पंक्तीत बसवली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था बसवण्यास प्रारंभ केला. गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावी, तिला सरकारची जोड मिळावी आणि जेथे ग्रंथालय नाही तेथे ग्रंथांच्या पेट्या फिरत्या ठेवाव्यात, अशी तिची रचना होती. तिच्या मागे साक्षरतेचे आणि प्रजाहिताचे जे विचार होते ते सुपरिचित आहेत. पण त्या पेट्यांतील पुस्तकासाठी कोणाच्याही कुळाची चौकशी करावयाची नव्हती, ही बाब साक्षरतेच्या आकडेवारीहून अधिक दूरगामी होती. पुढे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे वापरासाठी आहेत, हे त्यांतील पहिले, आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे. दुसऱ्या सूत्रातील ‘प्रत्येक’ या शब्दावर रंगनाथनांचा सारा भर आहे. गणिताचा अध्यापक असलेल्या या विचारवंताने वाचकांच्या समूहातून कोणालाही वगळण्याची मुभाच ठेवली नाही.

दानाची ही परिभाषा आधुनिक ग्रंथालयाला लावणे अनेकांना खटकेल, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. सार्वजनिक ग्रंथालय करदात्यांच्या पैशावर चालते, नागरिकाचा तेथे हक्क आहे, आणि दान म्हटले की देणारा वर व घेणारा खाली अशी उतरंड मनात येते, डॉ. आंबेडकरांनी सामाजिक प्रश्नांचा विचार हक्कांच्या भाषेत करण्याचा आग्रह धरला तो याच उतरंडीच्या अनुभवातून. हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला तरी प्रस्तुत मुद्द्याला बाध येत नाही, उलट तो बळकट होतो. जेथे देणाऱ्याची कृपा आहे, तेथेदेखील घेणाऱ्याचे नाव विसरणे ही देणाऱ्याची शोभा मानली गेली. मध्ययुगीन यहुदी विचारवंत मैमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यात देणारा आणि घेणारा यांना परस्परांची ओळखच नाही अशा दानाला फार वरचे स्थान दिले, आणि आपल्याकडील गुप्तदानाची कल्पना याहून वेगळी नाही. मग जेथे कृपाच नाही, केवळ हक्क आहे, तेथे हक्क बजावणाऱ्याचे नाव जपून ठेवण्याचे प्रयोजन आणखीच दुबळे ठरते. ज्याने उपकार केलेला नाही, त्याला उपकाराची वही ठेवण्याचे कारण उरत नाही.

दिगंबर जैन परंपरेत श्रावकासाठी चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शास्त्रदानामुळेच विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारासारखे ग्रंथसंग्रह टिकले आणि वाढले, हे वाङ्मयाच्या इतिहासकारांना ठाऊक आहे. परंतु शास्त्र आणि अभय ही दोन दाने शेजारी का असावीत, याचा विचार ग्रंथालयाच्या निमित्ताने करण्याजोगा आहे. अभयदान म्हणजे एखाद्या जीवाला आपल्यापासून भय उरणार नाही याची हमी देणे. ज्ञान घेणाऱ्याला ही हमी नसेल तर ज्ञानाचे दान अर्धेच राहते, कारण भ्यालेला वाचक जे हवे ते मागत नाही, जे मागण्यास हरकत नसते तेच मागतो. लहान गावातील वाचनालयात ही गोष्ट फार स्थूल रूपात दिसते: घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक, मानसिक आजारावरील पुस्तक, लैंगिक शिक्षणाचे पुस्तक, अथवा आपल्या घराण्याच्या श्रद्धेविरुद्ध जाणारे पुस्तक मागणाऱ्याला टेबलापलीकडे बसलेला माणूस आपल्या काकांचा मित्र आहे हे आठवते. अशा वाचकाला लागणारे अभय म्हणजे आपल्या वाचनाची गोष्ट तेथल्या तेथे संपेल एवढाच विश्वास होय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणाला राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाखालील मूलभूत हक्क मानले, त्यामुळे या विश्वासाला आता कायद्याचाही आधार आहे. परंतु ग्रंथालयाच्या टेबलावर तो अनुच्छेद कोणी उच्चारत नाही, तेथे नोंदीची पद्धतच बोलते.

नोंदीच्या पद्धतींत किती तत्त्वज्ञान दडलेले असते हे संगणकापूर्वीच्या दोन देवघेव-पद्धतींची तुलना केल्यास स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रंथपाल नीना ब्राउन यांच्या नावाने जी पद्धत रूढ झाली आणि भारतातील ग्रंथालयांतही जी पुष्कळ वापरली गेली, तिच्यात प्रत्येक सभासदाला त्याच्या नावाची लहान खिशासारखी तिकिटे दिलेली असत आणि प्रत्येक पुस्तकात त्याचे एक कार्ड असे. पुस्तक नेताना ते कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात घालावयाचे आणि ही जोडी परतीच्या तारखेनुसार पेटीत उभी करावयाची. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि कोणी काय वाचले याची खूण कोठेच उरत नसे. पुस्तकाच्या आतील तारीखपट्टीवर मात्र शिक्का राहत असे. त्यामुळे पुस्तकाला आपण किती वेळा आणि केव्हा वाचले गेलो हे ठाऊक असे, कोणी वाचले हे ठाऊक नसे. अमेरिकेतीलच न्यूअर्क येथून प्रसार पावलेल्या दुसऱ्या पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहिली जाई, आणि ते कार्ड भरेपर्यंत मागील सर्व वाचकांचे क्रमांक त्यावर राहत. दोन्ही पद्धतींनी पुस्तके सारखीच परत येत असत. ब्राउन पद्धतीतील विस्मरण कोणाच्या सद्गुणावर अवलंबून नव्हते, ते त्या पद्धतीच्या रचनेतच होते, ही तिची खरी थोरवी, आणि ती ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फार क्वचित सांगितली जाते. तेथे तिकिटे हरवतात याचीच चर्चा अधिक.

ज्या वाचनालयांत देवघेवीची जाड नोंदवही ठेवण्याचा प्रघात आहे, तेथे वाचकाचे नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक वर्षानुवर्षे कागदावर राहतो हे खरे; परंतु ती वही त्या कपाटाबाहेर जात नसे, तिच्यातून एका माणसाचे सारे वाचन काढायचे तर शेकडो पाने चाळावी लागत, आणि रत्नागिरीची वही गडचिरोलीच्या वहीला कधी भेटत नसे. हे विस्मरण असमर्थतेतून आलेले होते. संगणकीय जाळे ही असमर्थता दूर करते, आणि तेथून पुढे विसरायचे असेल तर ते हेतुपूर्वक विसरावे लागते. पातंजल योगसूत्रांत पाच यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आहे, म्हणजे गरजेबाहेरची वस्तू न स्वीकारणे व न साठवणे. ज्याच्यापाशी साठवण्याची शक्तीच नाही त्याचा अपरिग्रह हे व्रत ठरत नाही, ती केवळ परिस्थिती असते. ग्रंथालयांच्या जाळ्यापुढे प्रथमच अपरिग्रहाचा खरा प्रश्न उभा आहे, कारण त्यांच्यापाशी प्रथमच परिग्रहाचे सामर्थ्य आले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या केंद्रीय कायद्याने काम संपल्यावर माहिती पुसून टाकावी हे तत्त्व मांडले खरे, पण शासन आणि त्याच्या यंत्रणा यांना या बंधनातून मोठी सूट दिली. तेव्हा शासनाच्या आश्रयाने उभ्या राहणाऱ्या जाळ्याला कायदा भाग पाडील याची वाट पाहता येणार नाही, ते बंधन त्याने स्वतःवर घालून घ्यावे लागेल.

या ठिकाणी नियोजनकार बहुधा असे उत्तर देतात की माहिती साठली तरी ती कोणी पाहत नाही, ती सुरक्षित असते, आणि न पाहिलेल्या माहितीने कोणाचे काय बिघडते? न्यायदर्शनातील स्मृतीची मीमांसा या उत्तराला पुरेशी आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात स्मृती म्हणजे केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान असे सांगितले आहे; अनुभव संपून गेला तरी त्याचा संस्कार, म्हणजे सूक्ष्म ठसा, आत्म्यात राहतो, तो स्वतः जाणवत नाही, परंतु सदृश वस्तूचे दर्शन किंवा तत्सम उद्बोधक, म्हणजे जागे करणारे निमित्त, मिळताच त्यातून स्मृती उठते. विदाकोशातील जुनी देवघेव अशाच संस्काराच्या अवस्थेत असते. ती वर्षे न वर्षे निश्चल राहते, आणि मग एखाद्या चौकशीचे पत्र, एखाद्या पदाधिकाऱ्याचे कुतूहल, एखादी चोरी, अथवा सत्तांतर हे तिचे उद्बोधक ठरते. संस्कार असेपर्यंत स्मृती टळली असे म्हणता येत नाही, ती फक्त लांबणीवर पडलेली असते. म्हणून माहिती कोण पाहू शकेल याच्या नियमांवर भिस्त ठेवणे आणि ती मुळात शिल्लकच न ठेवणे यांत केवळ कमीअधिक सावधगिरीचे अंतर नाही. पहिल्या मार्गात अभय हे पाहणाऱ्याच्या शीलावर टांगलेले असते.

शिफारशी करणाऱ्या यंत्रणेचा विचारही येथेच करायला हवा, कारण आराखड्यात तिचे आकर्षण मोठे असते. वाचकाने पूर्वी काय वाचले यावरून त्याला पुढे काय आवडेल ते सुचवणारी ही सोय रंगनाथनांच्या दुसऱ्या सूत्राची पूर्तता म्हणून मांडली जाते. वस्तुतः ती अधिकारभेदाच्या, म्हणजे ज्याची जशी योग्यता तसे त्याला ज्ञान या जुन्या कल्पनेच्या, अधिक जवळ आहे. फरक इतकाच की पूर्वी योग्यता जन्मावरून ठरत असे आणि आता ती मागील निवडींवरून ठरते. गावातील एका मुलीने सलग पाककृतींची व भरतकामाची पुस्तके नेली म्हणून यंत्राने तिच्यापुढे तशीच पुस्तके मांडत राहावे, आणि कपाटातील खगोलशास्त्र तिला कधी दिसूच नये, हा काही नवा प्रकार नव्हे. भगवद्गीतेने परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, त्या निकषावर आपल्या सवयींची माहिती घेऊन फुकट सेवा पुरवणाऱ्या बड्या व्यापारी व्यासपीठांचे देणे राजसच ठरते. त्यांच्याशी स्पर्धा करण्याच्या भरात सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांचीच रीत उचलावी, हे विशेष शहाणपणाचे वाटत नाही.

याचा अर्थ जाळ्याने स्मृतीच टाकावी असा मुळीच नाही. ग्रंथांच्या बाबतीत महाराष्ट्रातील ग्रंथालये आजवर फार विसराळू राहिली, आणि तंत्रज्ञानाचा पैसा प्रथम तेथे लागला पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या बळावर १८०० पासून १९५० पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, पण त्या सूचीतील एखादे पुस्तक आज कोणत्या गावातील कोणत्या कपाटात आहे हे सांगणारी सर्वसमावेशक संयुक्त सूची, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या संग्रहांची एकत्र नोंद, हे काम अद्याप जाळ्यापुढेच आहे. ते केवळ टंकनाचे नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी ही एकेकाच व्यक्तीची नावे आहेत हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारी प्रमाणित नामसूची एकदा नीट केली तर ती सर्वांना पुरते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे जुन्या पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावर एका रीतीने आणि आजच्या वाचकाच्या बोटांत दुसऱ्या रीतीने असते. शोधयंत्राला दोन्ही रूपे एकच मानता आली नाहीत तर पुस्तक कपाटात असूनही नाही असेच उत्तर मिळते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी संकेतपद्धती, सर्वत्र रुळण्यापूर्वी निरनिराळ्या खासगी टंकांत भरलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटतात, आणि ज्या ग्रंथालयांनी हौसेने लवकर संगणक घेतला त्यांनाच हा भुर्दंड अधिक पडतो. या कामांना झगमगाट नाही. परंतु ड वर्गातील एखाद्या वाचनालयातले, पन्नास वर्षांत कोणी न मागितलेले पुस्तक दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातील अभ्यासकाला सापडणे हे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा या तिसऱ्या सूत्राचे फळ आहे, आणि त्यासाठी वाचकाविषयी काहीही जाणण्याची गरज पडत नाही.

अनुदानाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. शासन पैसा देते तेव्हा ग्रंथालय चालू आहे, सभासद खरे आहेत, पुस्तके फिरतात, याचा पुरावा मागते, आणि कागदावरच अस्तित्व असलेल्या ग्रंथालयांची समस्या काल्पनिक नसल्यामुळे हा आग्रह गैर म्हणता येत नाही. पण पुरावा आकड्यांचा हवा की नावांचा, हे आजवर नीट वेगळे केले गेलेले नाही, कारण कागदी वहीत आकडा नावांची बेरीज करूनच मिळत असे. यंत्रात तसे नसते. देवघेव झाली एवढी नोंद, तिची तारीख, पुस्तकाचा क्रमांक, आणि पुस्तक परत आल्याबरोबर वाचकाचा दुवा तुटणे, ही रचना सहज शक्य आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेल्या आणि २००० पासून वापरात असलेल्या कोहा या मुक्त आज्ञावलीत परतीनंतर व्यवहारातून वाचकाची ओळख काढून टाकण्याची सोय आहेच. ब्राउन यांची पेटी ज्या गोष्टी आपोआप करत असे, त्या यंत्राला एका आदेशाने करता येतात. मात्र तो आदेश आराखड्यातच लिहिलेला असावा लागतो, आणि राखीव प्रतींनाही तो लागू असावा लागतो. मूळ कोशातून पुसलेली नावे दर आठवड्याच्या राखीव प्रतीत जशीच्या तशी उरणार असतील तर ते विस्मरणाचे नाटक होईल. सभासदाची खातरजमा करणाऱ्या तपासनीसाला सभासदांची यादी दाखवता येते, त्यांनी काय वाचले ते त्या यादीत असण्याचे कारण नाही.

वाचकाला स्वतःलाच आपले वाचन आठवायचे असेल तर काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि तो गमतीचा वाटला तरी खरा आहे. हे पुस्तक आपण वाचले आहे काय, असे विचारणारे ज्येष्ठ सभासद प्रत्येक वाचनालयाला ठाऊक असतात. काही जण तर ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतात आणि दुसऱ्यांदा ते पुस्तक हाती आले की आधी ते पान उघडतात. ग्रंथपालांना ही खूण आवडत नाही, परंतु तिचे तर्कशास्त्र निर्दोष आहे: स्मृती वाचकाची आहे, तिचा अर्थ त्यालाच कळतो, आणि ती त्याच्या इच्छेने निर्माण झालेली आहे. यंत्रणेने वाचकाला त्याची यादी त्याच्यापाशी ठेवण्याची सोय द्यावी, आणि ती न मागणाऱ्याची यादी मुळात तयारच होऊ नये. संमती येथे मौनातून गृहीत धरता येत नाही, विशेषतः ज्या सभासदाने अर्जावर अंगठ्याच्या जागी घाईने सही केली आहे त्याच्या बाबतीत.

या सर्व भूमिकेला सर्वांत वजनदार विरोध नियोजनकाराकडून येत नाही, इतिहासकाराकडून येतो. एकोणिसाव्या शतकातील वाचक काय वाचत होता, हे ज्या साधनांतून कळते त्यांत ग्रंथालयांच्या जुन्या देवघेव-नोंदी फार मोलाच्या आहेत. एखादा सुधारक तरुणपणी कोणती पुस्तके घरी नेत होता, एखाद्या गावात कादंबरी केव्हा पोहोचली आणि ती कोणत्या थरात वाचली गेली, हे त्या पिवळ्या पानांतून समजते. आजच्या जाळ्याने वाचकांची नावे पुसली तर शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ती पाने मिळणार नाहीत. त्याला कोणते पुस्तक कोणत्या तालुक्यात कोणत्या वर्षी किती वेळा फिरले हे कळेल, म्हणजे तारीखपट्टीवरील शिक्के त्याला वाचता येतील; परंतु ज्या हातांनी ते पुस्तक उचलले त्यांची ओळख त्याला होणार नाही. ही हानी खोटी नाही आणि तिची भरपाई कोणत्याही सांख्यिकीने होत नाही. तरीही ज्या वाचकाने आपले वाचन कोणाला सांगितले नाही, त्याच्या मौनावर त्याच्या मृत्यूनंतर इतिहासाचा हक्क आपोआप निर्माण होतो, असे मानण्यास आधार सापडत नाही. आणि जी जुनी पाने आज अभ्यासकांच्या हाती आहेत, त्यांतील वाचकांनाही कोणी विचारले नव्हते.